वसतिगृह म्हणजे केवळ खोल्या नव्हेत

जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या आवारात फिरणाऱ्या दिल्लीकर मराठी माणसाला एक सुखद धक्का बसतो. १९६९ साली सुरू झालेल्या या विद्यापीठातील बहुतेक वसतिगृहांना नद्यांची नावे आहेत आणि गंगा, झेलम, पेरियार यांच्या जोडीला तेथे गोदावरी, कोयना व चंद्रभागाही नांदतात. परंतु नावांहून मोलाची आहेत ती तेथील भोजनगृहे. रात्रीचे जेवण आटोपल्यावर त्याच दालनात व्याख्याने आणि निवडणुकीच्या सभा भरण्याची तेथे जुनी परंपरा आहे. भिन्न प्रांतांतील मुले एकमेकांना ओळखू लागतात ती अशा ठिकाणी; बंद खोलीत नव्हे.

हे सूत्र महाराष्ट्राला नवे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांसाठी वसतिगृहे उभारली. एका पंक्तीस बसण्याची समाजाची तयारी नसताना शिक्षणाचे दार उघडण्याचा तो व्यवहार्य मार्ग होता. पुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांनी टाकले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एकाच छपराखाली आणले. मुले एकत्र राबत आणि एकत्र जेवत. तेथे समाज घडविणारी वास्तू होती ती स्वयंपाकघर!

आज दिल्ली, नोएडा, गुरुग्राम परिसरात नवी वसतिगृहे झपाट्याने उभी राहत आहेत. अंदाजपत्रक मांडताना हिशेब होतो तो खाटांचा. खर्च वाढला की पहिली कात्री लागते ती अंगण, रुंद व्हरांडा आणि वाचनदालन यांना, कारण त्यांचे उत्पन्न कोणत्याही रकान्यात बसत नाही. ही काटकसर नव्हे, मूळ हेतूवरच घाव आहे. जेवण मोबाईलवरून मागवून खोलीतच उरकता येण्याच्या या काळात तर एकत्र बसावेसे वाटेल अशी जागा मुद्दाम घडवावी लागते.

अर्थात केवळ वास्तुरचना पुरेशी नाही. २०१५ साली दिल्लीत ‘पिंजरा तोड’ चळवळ उभी राहिली, ती मुलींच्या वसतिगृहांच्या दारांना रात्री लागणाऱ्या कुलपांविरुद्ध. कुलपाआडचे अंगण अर्धेच अंगण असते. २०१९ मध्ये नेहरू विद्यापीठात एकेरी खोलीचे मासिक भाडे २० रुपयांवरून ६०० रुपये करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा झालेल्या आंदोलनानंतर तो अंशतः मागे घ्यावा लागला. देखभालीला पैसा लागतो, हे प्रशासनाचे म्हणणे खोटे नाही. पण शुल्कापायी गरिबाचे मूल गळाले, तर त्या पंक्तीला अर्थ काय उरला?

म्हणून प्रशासकांना एवढेच सुचवावेसे वाटते : निविदेत सामायिक जागांचे किमान क्षेत्रफळ आधी निश्चित करा आणि खाटांची संख्या मागाहून ठरवा. खोल्यांचे वाटप करताना प्रांत, भाषा व विषय यांची सरमिसळ करा. भोजनगृहाचा कारभार मुलांच्या समितीकडे सोपवा. इमारत शासन बांधू शकते. शेजार मात्र मुलांनीच बांधायचा असतो. त्यासाठी त्यांना जागा ठेवणे, हे आपले काम.