अज्ञान आणि सज्ञान

अलिबाग-पेणच्या खारेपाटात घरचा कर्ता पुरुष वारला म्हणजे दिवसकार्य उरकल्यावर मंडळी तलाठ्याच्या चावडीवर जातात, वारसनोंद होते, आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर त्याच्या लहान मुलाच्या नावापुढे ‘अज्ञान, पालनकर्ती आई’ असा शेरा पडतो. माझ्या नावापुढे तो शेरा मी सात वर्षांचा असताना पडला. दफ्तराच्या भाषेत त्याचा अर्थ इतकाच की, मुलास अद्याप अठरा वर्षे पूर्ण झालेली नाहीत. परंतु समाज जेव्हा बिनबापाच्या मुलावर असा शेरा मारतो, तेव्हा तो त्याच्या वयावर नसून त्याच्या साऱ्या भवितव्यावर असतो. ‘डोक्यावर बाप नाही, पोर हाताबाहेर जाणार’ हे वाक्य मी इतक्या ओट्यांवर आणि इतक्या कनवाळू तोंडांतून ऐकले आहे की, त्याचे खंडन करणे हे मी माझे कर्तव्य मानतो.

पूर्वपक्षाचे म्हणणे असे. पौरुष सांगून येत नाही, पाहून येते. संकटात न डगमगणारा आणि दिलेला शब्द पाळणारा पुरुष ज्याने घरात पाहिला नाही, त्याने कोणाचे पाहून शिकावे? शिवाय बापाचा धाक नसला म्हणजे मुलाच्या पायाला बंध राहत नाही. यांतील पहिला भाग मला मान्य आहे. ते न्यून मी भोगले आहे, आणि ते नव्हतेच असे म्हणणे ही स्वतःशी प्रतारणा होईल. दुसरा भाग मात्र सर्वथा असत्य आहे.

धाकानेच पुत्र घडत असते, तर सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या पुत्रांइतके सुघटित पुत्र या किनाऱ्यावर झाले नसते. कारण ज्याच्या नावाने इंग्रज, पोर्तुगीज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांच्या छातीत धडकी भरे, त्याहून मोठा दरारा कोणत्या बापाचा असणार? कान्होजी १७२९ साली निवर्तले, १७३३ साली त्यांचे पुत्र सेखोजी गेले, आणि लगोलग भाऊ भावाच्या जिवावर उठला. मानाजीने कुलाब्यासाठी पोर्तुगीजांचे साह्य घेतले, आणि अखेर १७३५ साली बाजीराव पेशव्यांना मध्ये पडून कुलाबा मानाजीकडे व विजयदुर्ग संभाजीकडे अशी दौलतीची वाटणी करावी लागली. अलिबागेत कान्होजींच्या समाधीसमोर उभे राहिले की हेच मनात येते: धाक हा धाक घालणाऱ्याबरोबरच चितेवर चढतो.

याच्या उलट दुसरा एक पक्ष आहे, आणि तो अधिक गोड असल्यामुळे अधिक घातक आहे. ‘आईच त्याचा बाप झाली’ असे तो म्हणतो आणि जिजाऊंचा दाखला देतो. शहाजीराजे कर्नाटकात, आणि मुलगा आईपाशी, हे खरे. परंतु राज्याभिषेकानंतर अवघ्या काही दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, रायगडाच्या पायथ्याशी पाचाडात देह ठेवणाऱ्या त्या मातेचे थोरपण ती बाप झाली यात नव्हते. जहागिरीचा भार कोवळ्या वयातच मुलाच्या खांद्यावर येऊ देण्याची छाती तिला होती, यात ते होते. आईला एकाच वेळी दोन माणसे व्हायला सांगणे हा तिचा गौरव नसून, गावाने आपला वाटा तिच्या माथी मारून हात झाडणे आहे.

मग खरे काय? बापाच्या अभावाने मुलगा बिघडत नाही. विश्वासाच्या अभावाने बिघडतो. या विधानाचा पुरावा याच किनाऱ्यावरून देशावर गेलेल्या दोन घराण्यांत सापडतो. श्रीवर्धनचे भट पेशवे झाले, आणि बाणकोटच्या खाडीपलीकडल्या वेळासचे भानू त्यांचे फडणीस. भानूंच्या घरातील बाळाजी जनार्दन, म्हणजे नाना, चौदा वर्षांचा असताना १७५६ साली पितृहीन झाला. पेशव्यांनी त्याला घरच्या मुलांत वागवले, परंतु घरात कोंडले नाही. एकोणिसाव्या वर्षी तो पानिपताहून जीव वाचवून आला. आई त्या धुमाळीत हरवली ती पुन्हा दिसली नाही. आणि असा हा दोन्हीकडून पोरका झालेला तरुण थोरल्या माधवरावांच्या फडात हिशेबाच्या कामाला लागला. त्याच कामाने त्याला उभे केले.

दुसरा मुलगा सवाई माधवराव. बाप नारायणराव त्याच्या जन्माआधीच, १७७३ च्या ऑगस्टात, मारला गेलेला. स्वतः चाळीस दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रे मिळालेली. तीन वर्षांचा असताना आईही गेलेली. त्याचा सांभाळ त्याच नानांनी केला, आणि निष्ठेने केला. परंतु ज्याला स्वतःला काम देऊन माणूस केले गेले होते, त्यानेच या मुलाला नजरेच्या पहाऱ्यात वाढवले. विद्या मिळाली, संरक्षण मिळाले, मान मिळाला. कारभार तेवढा मिळाला नाही. १७९५ च्या ऑक्टोबरात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो शनिवारवाड्यात वरून खाली पडला आणि दोन दिवसांनी मरण पावला. ते पडणे भ्रमातले की बुद्ध्या, हा वाद इतिहासकारांचा आहे. मला त्यात एवढेच दिसते की, दोघेही पोरके होते, आणि ज्याच्यावर भार टाकला तोच तगला.

स्वतःच्या अनुभवाची साक्ष देऊन संपवतो. मी तेरा वर्षांचा होतो. अवसेच्या उधाणाने आमच्या बाहेरकाठ्याला, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बाहेरच्या बांधाला, खांड पडली, आणि मध्यरात्री चुलत्यांनी मला हलवून म्हटले, ‘ऊठ, खांड गेली.’ खारे पाणी एकदा भातशेतीत शिरले की जमीन नासते आणि पुढे कित्येक पावसाळे पीक धड येत नाही, हे मला ठाऊक होते; ठाऊक नव्हते ते हे की, हे संकट माझेही आहे असे कोणी मानते. बत्तीच्या उजेडात चिखलाची ढेकळे हातोहात पुढे जात होती. डावीकडचा माझ्या हाती देई, मी उजवीकडच्याच्या हाती देई, आणि मी थांबलो असतो तर सारी रांग थांबली असती. त्या रांगेत पाहून शिकण्यासारखे वीस पुरुष होते. पुढच्या हंगामात चुलत्यांनी शेतसारा भरायला मला एकट्याला चावडीवर धाडले, आणि पावती मी आणून आईच्या हाती दिली. उताऱ्यावरचा शेरा रीतसर अर्ज करून अठराव्या वर्षी उतरला. चुलत्यांनी मात्र तो पाच वर्षे आधीच उतरवला होता.

ज्याच्या भरवशावर दुसऱ्याला निर्धास्त झोपता येते तो पुरुष, ही माझी व्याख्या आहे, आणि असा भरवसा आधी कोणीतरी टाकल्याशिवाय कोणातही उत्पन्न होत नाही. म्हणून गावोगावच्या चुलत्यामामांना, मास्तरांना, तांडेलांना आणि नाखवांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या आळीत असा एखादा मुलगा असेलच. त्याची कीव करू नका, त्याच्या भविष्याची भाकिते करू नका. पुढच्या उधाणाला त्याला झोपेतून उठवा आणि रांगेत आपल्या शेजारी उभा करा.