तंबू घ्यावा की पाणी?

युटा-ॲरिझोनाच्या वाळवंटी दऱ्यांत मुक्कामी ट्रेकला निघालं की आमच्या घरात तंबूवरून जुंपते. नवऱ्याला डोक्यावर छप्पर हवं असतं. मी वजनकाटा पुढे करते. दोघांचा हलका तंबू भरतो दीड-दोन किलो आणि एक लिटर पाणी भरतं एक किलो. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी उन्हाळ्यात पारा ४० अंशांपार जातो. तिथे दिवसाला माणशी ४ लिटरही कमीच पडतं. पुढच्या मुक्कामी झरा नसेल तर तंबूचा हिशेब पाण्यातच करावा लागतो.

शिवाय तो तिथे उभा करणंही सोपं नाही. कातळात खुंटी शिरत नाही, वाळूत टिकत नाही; दोऱ्या धोंड्यांना बांधाव्या लागतात. मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात बारीक वाळू जाळीतून आत येते आणि सकाळी दातांखाली करकरते.

जुलै ते सप्टेंबर मात्र तिथला पावसाळा. सर तासाभरात ओसरते, पण तेवढ्यात स्लीपिंग बॅग भिजली तर रात्र काढणं कठीण. तेव्हा आडोसा हवाच. फक्त तंबू पुरापासून वाचवतो, या भ्रमात राहू नये. १२ ऑगस्ट १९९७ला लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ जण गेले. वादळ बरसलं होतं ते कित्येक मैल वरच्या अंगाला. म्हणून मी आधी भिंतींकडे बघते. पुराने आणून कपारीत अडकवलेले ओंडके, काटक्या जिथवर दिसतात, त्याच्या बऱ्याच वर पथारी टाकायची. रात्री थंड हवाही तळाशीच साचते, त्यामुळे वरची जागा उबदार असते.

सह्याद्रीत गडावरच्या गुहेत झोपायची सवय असलेल्यांना तिथल्या कपारी खुणावतात. पण अनेक कपारींत प्राचीन प्वेब्लो लोकांची घरं आणि धान्याची कोठारं आहेत. तिथे मुक्काम करायचा नाही.

आमची तडजोड अशी: ऑक्टोबरात अंदाज कोरडा असेल तर उघड्यावर, पावसाळ्यात अर्ध्या किलोची ताडपत्री, चिलटांच्या मे-जूनमध्ये नुसती जाळी. वाचलेल्या वजनाचं मी पाणी भरते. नवऱ्याला तिथे कॅमेऱ्याची लेन्स घालायची असते. घालू दे, पण आधी पुढचा झरा वाहतोय का, हे रेंजरला विचारून ये म्हणावं.