नभोवाणी : कोणाची आणि कोणासाठी?

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनविषयी लिहिताना चर्चिलची भाषणे आणि लंडनवरील बाँबवर्षाव यांच्यापलीकडे आपले लेखक सहसा जात नाहीत. त्या देशातील कामगार कुटुंबाचा दिवस रेडिओच्या घड्याळावर कसा चालत होता, हा प्रश्न मात्र दुर्लक्षितच राहतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चर्चिलच्या वक्तृत्वाहून हा भाग अधिक बोधप्रद वाटावा.

१ सप्टेंबर १९३९ रोजी बीबीसीने नवजात दूरचित्रवाणी बंद केली आणि आपले राष्ट्रीय व प्रादेशिक कार्यक्रम एकत्र करून एकच ‘होम सर्व्हिस’ सुरू केली. देशात तेव्हा सुमारे ९० लाख रेडिओ परवाने होते. १९४० च्या आरंभी सैनिकांसाठी ‘फोर्सेस प्रोग्रॅम’ हा हलकाफुलका कार्यक्रम निघाला, आणि पाहता पाहता घरोघरची माणसेही तोच ऐकू लागली.

१९४१-४२ मधील एखादा साधा दिवस घ्यावा. सकाळी आठच्या बातम्या संपल्या की सव्वाआठला ‘किचन फ्रंट’ लागे. अन्नखात्याच्या सहकार्याने जून १९४० पासून चाललेल्या या पाच मिनिटांत बटाटा, गाजर, अंड्याची भुकटी यांचे काय करावे, हे गृहिणींना सांगितले जाई. वरवर पाहता हा पाकक्रियेचा वर्ग. पण जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आणि बेकन शिधापत्रिकेवर आले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे खरे स्वरूप कळते. टंचाईचा निकाल भाववाढीने लावायचा की वाटणीने, हा राजकीय निर्णय असतो. ब्रिटनने वाटणीचा मार्ग स्वीकारला, आणि वाटणी टिकते ती लोकांना तिची कारणे रोजच्या रोज कळत राहिली तरच. भाव मोकळे सोडले की सारे आपोआप सुरळीत होते असे मानणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनी या पाच मिनिटांचा अवश्य विचार करावा.

साडेदहा वाजता आणि पुन्हा दुपारी तीन वाजता ‘म्यूझिक व्हाइल यू वर्क’. २३ जून १९४० ला सुरू झालेला हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम कारखान्यातील कर्ण्यांवरून यंत्रांच्या घरघरीत ऐकू जावा, अशा बेताने रचलेला असे. संथ चाली त्यात वर्ज्य. एका लोकप्रिय अमेरिकन गाण्यावर तर एवढ्याचसाठी बंदी आली की, त्यातील टाळ्यांच्या जागी कामगार हातातली हत्यारे आपटू लागत! १९४२ मध्ये रात्रपाळीसाठीही असा कार्यक्रम सुरू झाला. श्रमाचा वेग वाढवण्यासाठी संगीत वापरणे ही भांडवली व्यवस्थापनाचीच एक युक्ती नव्हे काय, असे कोणी विचारील. आक्षेप निराधार नाही. एकटाच पाहिला तर हा कार्यक्रम चालीवर बसवलेला कामाचा तगादा होता. पण तो एकटा नव्हता. मे १९४१ पासून ‘वर्कर्स प्लेटाइम’ नावाचा करमणुकीचा कार्यक्रम दुपारच्या सुटीत प्रत्यक्ष कारखान्यांच्या उपाहारगृहांतून प्रक्षेपित होऊ लागला, आणि अडीचशेहून अधिक कामगारांच्या युद्धोत्पादक कारखान्यांना उपाहारगृह काढण्याची सक्ती करता यावी, असा हुकूम १९४० च्या अखेरीसच निघाला होता. त्यामागे होते मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन, वाहतूक कामगारांच्या संघटनेतून वर आलेले नेते. आणि बेव्हिन यांच्या शब्दाला वजन होते, कारण १९३९ साली दहा लाखांहून अधिक बेकार असलेल्या देशात १९४३ पर्यंत बेकारी जवळजवळ नाहीशी झाली. हात दुर्मिळ झाले तेव्हा नभोवाणी कामगाराच्या दारी गेली. त्याआधीच्या मंदीच्या दशकात तिला ही वाट सुचली नव्हती.

आवाजही बदलला. १९४१ मध्ये विल्फ्रेड पिकल्स हे यॉर्कशायरी उच्चारांनी राष्ट्रीय बातम्या वाचू लागले, तेव्हा तक्रारींची पत्रे आली. श्रमजीवी माणसाची बोली बातम्यांच्या प्रतिष्ठेला साजत नाही, ही समजूत वरिष्ठ वर्गापुरती मर्यादित नव्हती, हे विशेष. प्रमाणभाषेच्या धाकात वाढलेल्या मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये.

रात्री नऊच्या बातम्या म्हणजे दिवसाचा कळस. १५ ऑक्टोबर १९४० रोजी बीबीसीच्या इमारतीत बाँब फुटून सात कर्मचारी मृत्युमुखी पडले, तरी ब्रूस बेलफ्रेज यांनी बातम्या वाचणे थांबवले नाही. १९४० च्या उन्हाळ्यात दर रविवारी या बातम्यांनंतर लेखक जे. बी. प्रीस्टली बोलत. हे युद्ध जुन्या विषमतेकडे परतण्यासाठी लढले जात नाही, मालमत्तेपेक्षा समाज मोठा मानावा लागेल, असे ते सांगू लागले आणि हुजूर पक्षीयांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ऑक्टोबरमध्ये ही भाषणे थांबली. १९४१ मधील दुसरी मालिकाही फार चालली नाही. त्याच वर्षाच्या आरंभी, साम्यवाद्यांच्या प्रभावाखालील ‘पीपल्स कन्व्हेन्शन’ला पाठिंबा देणाऱ्या कलावंतांना बीबीसीने दारे बंद केली. संगीतकार व्हॉन विल्यम्स यांना त्या परिषदेची मते मान्य नव्हती. तरीही ॲलन बुश या समव्यवसायीवरील बंदीच्या निषेधार्थ त्यांनी आपली रचना परत घेतली. मार्चमध्ये खुद्द चर्चिल यांना पार्लमेंटात ही बंदी मागे घेतल्याचे सांगावे लागले. बंदी घातली गेली याची आठवण ठेवावी, तशीच ती उघड निषेधाने मोडता आली याचीही.

परंतु हे सारे ब्रिटनमधील श्रोत्यांपुरते. भारतासाठीच्या विभागात ऑगस्ट १९४१ पासून दोन वर्षे जॉर्ज ऑर्वेल काम करीत होते. त्यांनी लिहिलेली युद्धवार्तापत्रे मराठीतही भाषांतरित होऊन लंडनहून प्रक्षेपित होत. साम्राज्यशाहीचा हा कडवा टीकाकार साम्राज्याच्या प्रचारयंत्रात बसला होता, आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये, हे श्रम निष्फळ आहेत अशा भावनेने, बाहेर पडला. मधल्या काळात इकडे ऑगस्ट क्रांती पेटली. नाझींच्या टाचेखालील युरोपात चोरून रेडिओ ऐकणाऱ्याला लंडन वीर म्हणत होते. मुंबईत मात्र उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, डॉ. राममनोहर लोहियांच्या साहाय्याने, ऑगस्ट १९४२ मध्ये सुरू केलेला गुप्त काँग्रेस रेडिओ हा राजद्रोह ठरला. १२ नोव्हेंबरच्या रात्री पोलिसांनी तो पकडला. उषाबेनना पुढे चार वर्षांची सजा झाली. या अटकेला तीन आठवडेही झाले नव्हते, तोच डिसेंबरच्या आरंभी बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षिततेचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि बीबीसीने त्याचा सारांश २२ भाषांतून जगाला ऐकवला.