पदवीची तीन वर्षे आणि पुढची वाट

लोणावळ्यालगतच्या कुसगाव बुद्रुक येथे द्रुतगती मार्गाशेजारी सिंहगड संस्थेचे शैक्षणिक संकुल आहे. अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन शिकण्यासाठी दूरदूरच्या गावांतून मुले तेथे येतात. त्याच परिसरातील व्यापारी घरांतील अनेक मुले-मुली मात्र वाणिज्य शाखेत नाव घालतात आणि ‘आधी पदवी तर होऊ दे, पुढचे पुढे पाहू’ या वाक्यावर तीन वर्षे निघून जातात. वस्तुतः पुढच्या व्यावसायिक शिक्षणाची तयारी याच तीन वर्षांत व्हावयाची असते.

सनदी लेखापालाचा अभ्यासक्रम आपल्या समाजाला सर्वाधिक परिचित. वाणिज्य पदवीला किमान 55 टक्के गुण असल्यास विद्यार्थ्याला थेट इंटरमिजिएटला प्रवेश मिळतो. अन्य शाखांच्या पदवीधरांना 60 टक्के लागतात. पदवीला 54 टक्के मिळवणाऱ्या मुलाला फाउंडेशनच्या चार विषयांपासून आरंभ करावा लागतो. एका टक्क्याची ही किंमत प्रथम वर्षातच समजलेली बरी. इंटरमिजिएटच्या प्रत्येक विषयात 40 व गटाच्या एकूण गुणांत 50 टक्के आवश्यक असतात. जुलै 2023 पासून लागू झालेल्या नव्या योजनेत प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला आहे.

व्यवस्थापनाचा मार्ग निराळा. राज्याच्या एमबीए प्रवेशपरीक्षेत 150 मिनिटांत 200 प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांपैकी 100 प्रश्न तर्कशक्तीचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. म्हणून येथे पाठांतरापेक्षा वेगाची परीक्षा होते. असा वेग महिनाभरात येत नाही. दुसऱ्या वर्षापासून रोज अर्धा तास घड्याळ लावून सराव केला, तर तो अंगवळणी पडतो. विधी शाखेकडे वळणाऱ्यांनाही पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राज्याची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा द्यावी लागते.

व्यापारी घरातील मुलाकडे एक भांडवल जन्मतःच असते. मालाचा साठा, उधारी, जीएसटीचे विवरण, बँकेशी ताळमेळ, या गोष्टी इतरांना पुस्तकातून शिकाव्या लागतात. त्याला त्या गल्ल्यावर दिसतात. परंतु तेच दुकान त्याचा वेळही खाऊन टाकते. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी लोणावळ्यात पर्यटकांची झुंबड उडते आणि ‘आजच्या दिवस बस’ असे सांगता सांगता पूर्ण सत्र सरते. दुकानाचे तास आणि अभ्यासाचे तास वडिलांनी स्वतः ठरवून द्यावेत व ते पाळावेत. लोणावळा-पुणे लोकलमधील दीड तासाचा प्रवासही नियमाने वापरला, तर आठवड्याला अभ्यासाचा एक पूर्ण दिवस हाती येतो.

सनदी लेखापाल इंटरमिजिएटची सप्टेंबरची परीक्षा बहुधा पर्युषण व दशलक्षण पर्वाच्या आगेमागे येते. त्या वर्षी अठ्ठाई करावी की एकासणे करून अभ्यास चालू ठेवावा, याचा विचार कुटुंबाने महाराजसाहेबांच्या सल्ल्याने आधीच करावा. स्वाध्यायाला आपल्याकडे आभ्यंतर तपांत स्थान आहे, याचे विस्मरण होऊ नये.

खर्चाच्या भीतीने वाट सोडू नये. 7.5 लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राच्या पत-हमी योजनेचे संरक्षण असून त्याला तारण लागत नाही. पालक सहकर्जदार असतात. परतफेड सामान्यतः शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट 8 वर्षांपर्यंत मिळते. दुकानाच्या खेळत्या भांडवलातून शुल्क भरून नंतर व्यापारासाठी महाग उधारी काढणे, हा व्यवहार हिशेबात बसत नाही. 2014 पासून जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा आहे. प्रवेश व शिष्यवृत्तीसाठी लागणारी कागदपत्रे दुसऱ्या वर्षातच तयार ठेवावीत.

शेवटी प्रश्न उरतो तो इच्छेचा. मुलाला दुकानच सांभाळायचे असेल, तर तेही मानाचे आहे. पण तो निर्णय त्याने सर्व वाटा पाहून घेतलेला असावा. मुलीच्या बाबतीत स्थळ आल्यावर अभ्यास थांबवण्याची घाई अजूनही होते. तिची परीक्षा आणि प्रशिक्षण यांचे वेळापत्रक समोर ठेवूनच बोलणी व्हावीत. द्वितीय वर्षाच्या दिवाळीत वहीपूजन झाले, की घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि कोणती परीक्षा, किती गुण, किती खर्च, हे कागदावर लिहून काढावे. व्यापारात जो नेम आपण वर्षानुवर्षे पाळतो, तो मुलांच्या आयुष्याच्या हिशेबालाही लागू करावा.