आधी निदान, मग पाना



बुलढाणा-चिखलीच्या पठारावरचा सोयाबीन-कापूस खामगाव-मलकापूरच्या बाजारात जातो तो बहुधा आपल्यातल्याच कोणाच्या तरी जुन्या गाडीतून. टाटा ४०७ बाजारात आली १९८६ साली. पंधरा-वीस वर्षे राबलेल्या तसल्या गाड्या आजही खेडोपाडी चालतात. जाताना माल भरून घाट उतरायचा, येताना खताच्या गोण्या घेऊन राजूरचा नाहीतर बोथ्याचा घाट चढायचा. गाडीचा दम कळतो तो चढावर.

गाडी ओढेनाशी झाली की सल्ले दोनच मिळतात. ‘पंप वाढवून देतो’, नाहीतर ‘इंजिन खोलावे लागेल’. एक स्वस्त, दुसरा हंगामाची कमाई गिळणारा. माझे म्हणणे असे, की तपासणीआधी दिलेला कोणताही सल्ला मानू नये.

शेतीशास्त्रात लिबिगचा नियम शिकवतात. जो घटक सर्वांत कमी, त्याच्यापाशी पिकाची वाढ अडते. पाणी साचून मुळे गुदमरली असतील तर युरियाचे पोते ओतून पीक हिरवे होत नाही. इंजिनाचे तेच आहे. डिझेल जळायला हवा लागते. हवेची वाट बुजलेली असताना पंप वाढवला तर जादा डिझेल अर्धवट जळते, काळा धूर होऊन जाते आणि पिस्टन तापते. डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने नियंत्रणमुक्त केले. वाया गेलेला प्रत्येक लिटर शेवटी आपल्या मालाच्या भाड्यातूनच वसूल होतो.

म्हणून तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे हवा.

पहिला प्रश्न : दोष इंजिनात आहे तरी का? वरच्या गिअरमध्ये आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. थोडे चालवून थांबल्यावर एखाद्या चाकाचा ड्रम इतरांपेक्षा जास्त तापलेला असेल, तर ब्रेक धरून बसला आहे. घाट उतरताना हा दोष जिवावर बेततो. एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा, दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते पाहावे.

मग हवा. जिनिंगच्या आवारात उडणारी सरकी-कापसाची तूस आणि शिवाररस्त्याचा फुफाटा एअर फिल्टर लवकर बुजवतो. टर्बो असेल तर त्याचा पाइप फाटलेला आहे का तेही पाहावे.

मग डिझेल. फिल्टर, फिल्टरच्या तळाचे पाणी, टाकीची जाळी, फीड पंप, पाइपमधून शिरणारी हवा. टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र बुजले तरी काही मैलांनी गाडी दम टाकते. झाकण सैल केले की परत पळते.

धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. गरम इंजिनाचा पांढरा धूर म्हणजे बहुधा न जळलेले डिझेल, म्हणजे नोझल किंवा टायमिंग. पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तिथेही लगेच इंजिन खोलू नये. टॅपेट, नोझल आणि गेजने प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. आकडे खाली आले असतील तर मात्र टाळाटाळ नको; तेव्हा इंजिन बांधणेच शहाणपणाचे.

यात मिस्त्रीवर अविश्वास नाही. चांगल्या मिस्त्रीला मोजमाप आवडते. पण ‘आकडा दाखवा, मग खोला, काढलेला भाग परत द्या’ एवढे मागणे हा पैसे मोजणाऱ्याचा हक्क आहे. नवी गाडी घेणे किती जणांना झेपते? आणि पंधरा वर्षांवरील मालगाड्यांच्या फिटनेसचे शुल्क केंद्राने एप्रिल २०२२ पासून भरमसाट वाढवले. जुनी गाडी नीट ठेवणे आता हौस राहिलेली नाही.

बैठकीपुढे दोन सूचना ठेवतो. तालुक्यागणिक वर्गणीतून एक कॉम्प्रेशन गेज घ्यावा. आणि प्रत्येक गाडीची वही असावी : किलोमीटर, डिझेल, ऑइल, भरलेला माल, बदललेला भाग. गाडी केव्हापासून खंगू लागली हे ती वही सांगेल, आणि पुढच्या वेळी कोणी नुसत्या आवाजावरून इंजिन खोलायला निघाला तर तीच वही त्याच्यापुढे उघडून ठेवता येईल.