वाशी आणि वाशीगाव

ग्रामीण साहित्य शिकवताना आपण बहुधा एक वाट गृहीत धरतो. दुष्काळाने किंवा कर्जाने गांजलेला माणूस गाव सोडतो, मुंबईला येतो आणि तिथून पुढे महानगरी साहित्याच्या स्वाधीन होतो. ही विभागणी सोयीची आहे. पण माणूस जागचा हलला नाही आणि शहरच त्याच्या बांधापर्यंत चालून आले, अशा गावाला या दोन कप्प्यांपैकी कोणत्यात जागा द्यावी, हा प्रश्न मराठी समीक्षेने पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही, असे आम्हांस वाटते.

नवी मुंबईचे उदाहरण घेऊ. खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील एकूण ९५ गावे या शहराच्या आराखड्यात आली. तिथे प्रामुख्याने आगरी आणि कोळी समाजांची वस्ती होती. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर त्यांचा संसार चाले. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचा, ओहोटीला आतले पाणी सोडण्यासाठी उघाडी ठेवायची. मिठासाठी मात्र तेच खारे पाणी बेताने आत घ्यायचे. बांध फुटला तर नुकसान एकट्याचे होत नसे, म्हणून त्याची राखणही एकट्याची नसे. गावाचे गावपण या सामाईक राखणीत होते.

जमीन गेली तशी ही राखणही संपली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जे आंदोलन झाले, त्यात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे प्राण घेतले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. भाषेच्या अभ्यासकाने इथे क्षणभर थांबावे. ज्या घरांत खाजण, आगर, उघाडी हे रोजचे शब्द होते, तिथे ‘साडेबारा टक्के’, ‘प्रकल्पग्रस्त’, ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हे शब्द रुळले. पूर्वी नुसते ‘वाशी’ म्हटले की गाव कळे. आता वाशी म्हणजे सेक्टर आणि रेल्वे स्थानक. मूळ वस्तीची ओळख ‘वाशीगाव’ अशी सांगावी लागते. नेरूळ आणि बेलापूरचेही तेच. ज्याचे नाव शहराने घेतले, त्यालाच आपल्या नावाला शेपूट जोडावे लागले. या इतिहासाचा इतका नेमका पुरावा दुसरा नसेल. विमानतळासाठी तर दहा गावे उठवली गेली, उलव्याची टेकडी कापली गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जुन्या गावात सारेच गोड नव्हते. मिठागरातले काम अंग सोलून काढणारे होते. शहराबरोबर दवाखाने आले, महाविद्यालये आली. शिवाय आगरी माणूस कुठे नाहीसा झालेला नाही; त्याच्या बोलीत लेखन होते, संमेलनेही भरतात. हे सारे आम्हांस मान्य आहे. गाव परत आणा, असे आमचे म्हणणे नाही. ते कसे होते याची नोंद साहित्याच्या अभ्यासात असावी, एवढेच म्हणणे आहे. आगरी लग्नात धवले गाणारी धवलारीण केवळ गाणे म्हणत नाही, लग्नाचा विधीच ती चालवते. ही मौखिक परंपरा लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेतील टीपेपुरती उरावी, हे आम्हांस पटत नाही.

नवी मुंबईतील महाविद्यालयांत या गावांची नातवंडे आज मराठी शिकतात. ग्रामीण साहित्याच्या तासाला ती माणदेश आणि मराठवाडा समजून घेतात. ते घ्यावेच. पण प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या अशा विद्यार्थ्याला प्राध्यापकांनी एकदा त्याच्या आजीकडे पाठवावे. बांधाचे, मिठाचे, धवल्यांचे जेवढे शब्द तिला आठवतात तेवढे लिहून आणायला सांगावे. हे काम आणखी दहा वर्षांनी करू म्हटले, तर सांगणारे कोणी उरलेले नसेल.