मोजणी कुणाची, भाकर कुणाची?



पराटीला बोंडे किती लागली, ज्वारीच्या कणसात दाणा किती भरला, हे आपण रोज पाहतो. पण पैसेवारीचा आकडा दुसरेच लिहितात आणि भोगतो आपण. म्हणून आज चिखलीपासून लांब, समुद्राकाठच्या दोन गोष्टी सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यात वेळास गाव आहे. तिथे समुद्री कासवे वाळूत अंडी घालतात. पूर्वी ही अंडी उकरून खाल्ली जात, विकली जात. वाळूवरचा माग पाहून घरटे नेमके कुठे आहे ते ओळखणारी माणसे गावातच होती. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला आणि मोजायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले. अंडी सुटली, पण घरात चार पैसे आले.

दुसरी गोष्ट अलास्काची. तिथले इनुपियाट लोक देवमाशाची शिकार करतात आणि मांस गावात वाटून खातात. देवमासे फार थोडे उरले असे शास्त्रज्ञांच्या मोजणीवरून मानून १९७७ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने शिकारबंदीचा ठराव केला. शिकाऱ्यांचे म्हणणे होते की देवमासे बर्फाखालूनही जातात. काठावरून दिसतील तेवढेच मोजून कसे चालेल? त्यांनी आपली संघटना उभी केली आणि मोजणीत शास्त्रज्ञांच्या सोबत उतरले. पाण्यात आवाज टिपणारी यंत्रे सोडली. शिकाऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. २००१ च्या मोजणीत आकडा १० हजारांवर गेला. शिकार आजही चालते, पण ठरलेल्या संख्येत आणि नोंद ठेवून.

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. यंत्र हवेच, पण बर्फाखालचे ठाऊक असणारा माणूसही हवा. उपग्रहाला हिरवी पराटी दिसते. बोंडातली गुलाबी अळी दिसत नाही. ती बोंड फोडून पाहणाऱ्यालाच दिसते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. पीक कापणी प्रयोग गावासमोर व्हावा. वजन शेतकऱ्यासमोर व्हावे. आकडा त्याच दिवशी चावडीच्या फळ्यावर लागावा आणि हरकत लेखी घेतली जावी. आपणही पेरणीपासून वेचणीपर्यंतची नोंद वहीत ठेवू. वही असेल तर आपल्या बोलण्याला वजन येईल.

ज्याची भाकर त्या आकड्यावर अवलंबून आहे, त्याला मोजणीच्या जागी उभे राहण्याचा हक्क आहे. तो मागून मिळत नसेल, तर संघटित होऊन घ्यावा लागेल.